फूल राहिलं, नाव गेलं

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींनी मोहाचं फूल अगदी नीट बघितलंय? नीट म्हणजे असं, की झाडावर असताना ते वर बघतं की खाली, देठावर तपकिरी लव असते की नसते, आणि फूल गळून पडलं तरी मधली लांब काडी मागे देठावरच राहते का... नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, तिकडे पार गडचिरोलीपर्यंत चैत्राच्या पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांना हे विचारायची गरजच नाही. त्यांच्या हातांना ते ठाऊक असतं. पण शाळेत 'फुलाचे भाग' पाठ करून पैकीच्या पैकी मार्क मिळवणाऱ्या आपल्याला?

आता आणखी एक प्रश्न. आपल्या या रुंद पानांच्या मोहाला शास्त्राच्या पुस्तकात नाव मिळालं १७९५ मध्ये. विल्यम रॉक्सबर्ग नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने आंध्रच्या किनारपट्टीवरच्या झाडांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो लंडनमध्ये छापला गेला. त्यात मोह आहे आणि त्याचं पानभर चित्रही आहे. त्याच ग्रंथात आपला तेंदूही आहे, तोही चित्रासह. मोहाचं शास्त्रीय नाव पुढे बदललं, पण जुन्या पुस्तकांत झाडाच्या नावामागे रॉक्सबर्गचं नाव सापडतंच. तेंदूच्या शास्त्रीय नावामागे तर ते आजही लागतं. मग ती चित्रं कुणी काढली?

रॉक्सबर्गने पगारावर ठेवलेल्या आपल्याच देशातल्या चित्रकारांनी. त्यांच्या हातून थोडीथोडकी नाही, अडीच हजारांहून जास्त चित्रं झाली. त्यांचे संच आजही कोलकात्याला आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानात जपून ठेवलेले आहेत. पण हात कुणाचे होते, हे विचारलं तर उत्तर नाही. फूल राहिलं, नाव गेलं!

मी नागभीडला एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे झाडांची चित्रं हा माझा रोजचाच विषय. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलात पान, फूल, मूळ, खोडाचा छेद सगळं काढावं लागतं. हे काम म्हणजे मुलांच्या लेखी शिक्षाच. "मॅडम, मोबाईलवर फोटो काढला की झालं ना, चित्र कशाला?" हे दरवर्षी एक तरी जण विचारतोच. प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर शोधता शोधता मी एका फ्रेंच बाईपर्यंत जाऊन पोचले. तिचीच गोष्ट आधी सांगते.

तिचं नाव मादलेन बासपोर्त. जन्म पॅरिसमधला, १७०१ सालचा. घरी विधवा आई, आणि दोघींचं पोट भरायची जबाबदारी हिच्यावर. हातात कला होती म्हणून ती सुरुवातीला लोकांची रंगीत खडूंनी चित्रं काढून द्यायची. त्या काळात युरोपातही चित्रकलेचं शिक्षण पुरुषांसाठीच होतं. माणसाच्या शरीराचा समोर बसून अभ्यास करायला बायकांना मनाई, आणि तो अभ्यास नाही तर मोठा चित्रकार होणं नाही. मग बायकांनी काढायचं काय? तर फुलं! फुलं म्हणजे नाजूक, सोज्वळ, बायकांना शोभणारी. आपल्याकडे कसं, रांगोळी काढ, भरतकाम कर, कुणी नको म्हणत नाही. तसंच.

पण या बाईने त्या किलकिल्या दारातून आत जाऊन अख्खं घर ताब्यात घेतलं म्हणा ना! पॅरिसमध्ये तेव्हा 'राजाची बाग' होती. नुसती फिरायची बाग नव्हे, तर औषधी झाडांचा अभ्यास करण्याची जागा, जगभरातून आणलेल्या रोपांचं घरच. बागेत नवं काही फुललं की ते वासराच्या कातड्यापासून केलेल्या पातळ, गुळगुळीत चर्मपत्रावर रंगवून राजाच्या संग्रहात ठेवायची पद्धत होती. त्यासाठी एक सरकारी चित्रकार असे. क्लोद ओब्रिए हा तिथला चित्रकार म्हातारा झाला, तेव्हा मादलेन त्याच्या हाताखाली शिकली आणि १७४० च्या सुमारास त्याच्या जागेवर तिची नेमणूक झाली. त्या पदावर बसलेली ती पहिली स्त्री. १७८० मध्ये वारली तोवर ती जागा तिच्याकडेच होती. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं!

राजाच्या मुलींना फुलं रंगवायला तिने शिकवलं. मारी बिएरों नावाची औषधविक्रेत्याची मुलगी तिच्याकडे चित्रकला शिकायला यायची. मानवी शरीराच्या मेणाच्या प्रतिकृती करण्याकडे तिला वळवलं ते मादलेनने, आणि ती पुढे त्यासाठी नावाजली. मादलेननंतर तिच्या जागेवर आलेल्या चित्रकाराचा शिष्य म्हणजे रदुते. रदुतेचे गुलाब आपण सगळ्यांनी पाहिलेत, नाव माहीत नसलं तरी. कॅलेंडरवर, कपांवर, शुभेच्छापत्रांवर छापलेले ते जुन्या धाटणीचे गुलाब बहुधा त्याचेच असतात. आणि मादलेनची चित्रं? राजा गेला, राज्यक्रांती झाली, बागेचं संग्रहालय झालं. पण ती चित्रं पॅरिसला त्या संग्रहात आहेत, तिच्या नावानिशी.

नावानिशी. मला हा शब्द महत्त्वाचा वाटतो.

आता फ्रान्समधून सरळ आपल्या महाराष्ट्रात या. पुण्याजवळ दापोडी आहे (कोकणातली दापोली नव्हे). इंग्रजांच्या काळात, १८२८ मध्ये, तिथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. १८३८ मध्ये अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर त्याचा प्रमुख झाला. दवाखान्यांना लागणारी औषधी झाडं तिथे लावायची, त्यांची औषधं करून पाठवायची, परदेशी रोपं इथल्या मातीत रुजतात का ते बघायचं, असा कारभार. हाच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. इलाख्यातला त्या पदावरचा पहिला अधिकारी. (आपला चांदा तेव्हा त्याच्या हद्दीत नव्हता, इकडे नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं.) जंगल तुटलं तर पावसापाण्यावर काय परिणाम होईल, हे त्याने तेव्हा सरकारला लिहून कळवलं होतं. आपण जंगलाच्या कुशीत राहणाऱ्या बाया, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

या गिब्सनने १८४७ ते १८५० या काळात दापोडीच्या बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. दीडशेहून अधिक. त्यात सह्याद्रीतली झाडं आहेत, परदेशातून आणलेली शोभेची झाडंही आहेत. ही चित्रं पुढे स्कॉटलंडला, एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात गेली आणि तिथेच राहिली. हेन्री नोल्टी या अभ्यासकाने त्यांच्यावर पुस्तक काढलं ते २००२ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी! त्यामुळे दापोडीची चित्रं जगाला कळली. मालकाचं नाव कळलं, बागेचा इतिहास कळला, एकेका झाडाची ओळख पटली. फक्त चित्रकाराचं नाव कळलं नाही. तो पोर्तुगीज वळणाचा भारतीय होता, एवढीच ओळख उरली आहे. कुठे शिकला, घरी कोण होतं, पगार काय होता... सगळं पुसलेलं.

सगळेच मालक सारखे नव्हते, हेही सांगायला हवं. मद्रासकडे रॉबर्ट वाइट नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ होता. त्याच्याकडे रंगय्या आणि गोविंदू असे दोन चित्रकार होते. वाइटने त्यांची नावं छापली. इतकंच नाही, १८५३ मध्ये ऑर्किडच्या एका नव्या कुळीला त्याने 'गोविंदूइया' असं नाव दिलं. पुढे शास्त्रज्ञांनी ती कुळी दुसऱ्या कुळीत मिसळली, तो भाग वेगळा. पण पगारी चित्रकाराच्या नावाने एक फूल ओळखलं जावं, असं कुणाला तरी वाटलं ना? नाव लिहायला फार काही लागत नाही. वाटावं लागतं.

आता त्या मोबाईलच्या प्रश्नाकडे येते. फोटो एका क्षणाचा असतो. त्या क्षणी जे फुललंय, जिथे ऊन पडलंय, तेवढंच त्यात येतं. झाडाच्या अभ्यासाचं चित्र मात्र झाडाचं वर्षभराचं आयुष्य एका कागदावर मांडतं. कळी, फूल, उभं कापलेलं फूल, फळ, आडवं कापलेलं फळ, बी, पानाची वरची बाजू, खालची बाजू, सगळं मोजून मापून. किडीने खाल्लेलं पान काढणारी बाजूला ठेवते आणि दहा पानं बघून त्या झाडाचं खरं पान कसं ते ठरवते. म्हणून आजही नव्या झाडाचा शोध जाहीर करताना फोटोसोबत रेघांचं चित्र देतात. आणि काही जुन्या झाडांच्या बाबतीत तर शास्त्राला आधार आहे तो नमुन्याच्या वाळक्या फांदीचा नाही, चित्राचा.

पळसाचंच बघा. पळसाच्या शास्त्रीय नावातला 'मोनोस्पर्मा' हा शब्द दिला लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १७८० च्या दशकात. त्याचा अर्थ एकच बी असलेला. लामार्क भारतात कधी आला नाही. केरळच्या झाडांवरचा सतराव्या शतकातला एक डच ग्रंथ होता, त्यातली पळसाची माहिती आणि चित्रं युरोपात पोचलेली होती. आपल्या आज्या लहान लेकरांच्या जंतांवर पळसपापडी द्यायच्या, त्यांना त्या चपट्या शेंगेत एकच बी असते हे कुणी शिकवलं नव्हतं. जे आजीने हाताने ओळखलं, ते पॅरिसच्या शास्त्रज्ञापर्यंत पोचायला मधे चित्र काढणारा एक हात लागतो.

हे सगळं मी वर्गात सांगते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगी असते. दोन वर्षांपूर्वी ती बारावीला होती. तपासायला आलेल्या जर्नलांच्या गठ्ठ्यात मला एक गंमत दिसली. नावं वेगवेगळी, अक्षर वेगवेगळं, पण चित्रं एकाच हाताची. जास्वंदीच्या पुंकेसरांची नळी सगळीकडे तश्शीच, डावीकडे किंचित झुकलेली. रेघ अशी सफाईदार, की पेन्सिल मधे उचललीच नसावी. चौकशी केली तर कळलं, वर्गातल्या निम्म्या मुलांची चित्रं ही एकटी काढून देते. पैसे नाहीत, काही नाही. "मॅडम, कोणी मागतलं तं नाही कसं म्हनू?" हे तिचं म्हणणं.

नाही कसं म्हणू... हे वाक्य आपल्यातल्या कितीजणींचं आहे! नणंदेच्या लग्नातली रांगोळी, जावेच्या ओटीतलं भरतकाम, गणपतीची आरास, शाळेच्या भिंतीवरचं चित्र. "तिला हौस आहे" असं म्हटलं की झालं. हौस म्हटली की मोल नको, आणि मोल नसलं की नावही नको.

मी तिला बोलावलं आणि सांगितलं, आता एकच चित्र काढायचं. मोहाचं. पण पुस्तकात बघून नाही, झाडाखाली बसून. तिच्या गावाजवळ, घोडाझरीच्या बाजूला मोहाची झाडं भरपूर. पण एकटीने आत जायचं नाही, हेही बजावलं. आपल्याकडे वाघाची भीती गोष्टीतली नाही. पहाटे मोहफुलांना गेलेल्या किती बाया परत आल्या नाहीत, ते आपण पेपरात वाचतो. म्हणून तिने गावाला लागून असलेलं, वावराच्या बांधावरचं झाड निवडलं.

मोहाचं चित्र हे काही एका बैठकीचं काम नाही. फूल पहाटे गळतं. उन्हं वर आली की झाडावर बघायला फारसं काही उरत नाही. फुलं मार्च-एप्रिलची, नवी तांबूस पालवी त्यांच्या मागून, आणि फळं थेट मे-जूनची. बारावीची परीक्षा देऊन ती चार महिने त्या एका झाडाकडे जात राहिली. घरी बोलणी बसली. "चित्रं काढून पोट भरत नाही," असं तिच्या आईने मलाच ऐकवलं. मी काय बोलणार? खोटं आश्वासन द्यायचं नव्हतं. शास्त्रीय चित्रांच्या नोकऱ्या आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मी फक्त पॅरिसच्या त्या बाईची गोष्ट सांगितली. तिनेही आईचंच पोट भरलं होतं म्हटलं.

जूनमध्ये चित्र पुरं झालं. मुलीने ते आधी आईला दाखवलं. आई स्वतः मोहफुलं वेचणारी, सही करण्यापुरती शाळा शिकलेली. तिने चित्र हातात धरलं आणि लगेच म्हणाली, "मोह फुलते तवा झाडाले पानं कोठं असते वो? तू तं एकाच फांदीवर फुलंबी काढली अन् पानंबी!"

ते बरोबर होतं. मोह फुलतो तेव्हा झाड जवळजवळ निष्पर्ण असतं. मुलीने चार महिन्यांच्या नोंदी एका फांदीवर गोळा केल्या होत्या. छान दिसावं म्हणून. मग तिने दुसऱ्यांदा काढलं. एक उघडी फांदी फुलांच्या झुबक्याची, टोकाशी नुकती फुटू लागलेली पालवी. दुसरी फांदी भरल्या पानांची, हिरव्या फळांची. खाली कापलेलं फूल, कापलेलं फळ, बी. ते चित्र आता आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे. खाली कोपऱ्यात गाव, तारीख, झाडाचं आपल्या बोलीतलं नाव, चित्र काढणारीचं पूर्ण नाव. आणि त्याखाली आणखी एक ओळ आहे, 'माहिती देणारी', पुढे तिच्या आईचं नाव. ही ओळ लिहायची कल्पना मुलीचीच.

ती मुलगी आता नर्सिंग शिकते आहे. चित्रकार झाली नाही. सुट्टीत आली की तेंदूच्या मागे असते. तेंदूत नर आणि मादी झाडं वेगवेगळी, त्यामुळे एका चित्रासाठी दोन झाडं धरावी लागतात. पहिल्या झाडावर टेंभरं कधीच का येत नाहीत, हे शोधण्यात तिचा एक उन्हाळा गेला!

माझ्या वर्गात तेव्हापासून एक नियम आहे. जर्नलातल्या प्रत्येक चित्राखाली ते ज्याने काढलं त्याचंच नाव. चित्र वेडंवाकडं असलं तरी चालेल, मार्क कापत नाही. पण दुसऱ्याच्या हाताचं चित्र आपल्या नावावर खपवायचं नाही, आणि आपल्या हाताचं चित्र दुसऱ्याच्या नावावर जाऊ द्यायचं नाही. यातलं दुसरं मुलींना जास्त अवघड जातं, असं माझ्या लक्षात आलंय.

मैत्रिणींनो, तुम्हालाही करून बघता येईल. फार सामान लागत नाही. कोरा कागद, टोक काढलेली कडक शिसाची पेन्सिल, पट्टी आणि ब्लेड. अंगणातली सदाफुली घ्या, कुंपणावरची गुळवेल घ्या, परसातला शेवगा घ्या. पान पट्टीने मोजा, मग काढा. फूल उभं कापून आत बघा. एका दिवसात पुरं करायची घाई नको, फळ धरेपर्यंत कागद जपून ठेवा. झाडाला तुमच्या गावात काय म्हणतात ते आवर्जून लिहा, कारण सासरचं नाव वेगळं आणि माहेरचं वेगळं असतं, दोन्ही लिहा. ते औषधाला कसं वापरतात हे सासूबाईंना, आजीला विचारा आणि सांगणारीचं नाव तिथेच टिपून ठेवा. पण कागदावर लिहिलं म्हणून कुणी वैद्याला न विचारता ते औषध घेऊ नये, ही सूचनाही सोबत हवी.

आणि शेवटी, उजव्या कोपऱ्यात तारीख घालून स्वतःचं पूर्ण नाव लिहा. घरातलं कुणी हसेल. "एवढ्याशा चित्राला सही कशाला?" म्हणेल. म्हणू द्या. दापोडीच्या त्या चित्रकाराने दीडशेहून जास्त चित्रं काढली, आणि आज त्याला हाक मारायची म्हटली तर आपल्याकडे शब्द नाही.